पतन आणि प्रायश्चित्त : 'अग्निपथ', भवभूती आणि न दिसणारा ग्राहक

१

मादक द्रव्यांच्या चोरट्या व्यापारात शिरलेल्या माणसाचा उदय आणि अस्त हे गुन्हेगारी चित्रपटातील एक स्थिरावलेले कथारूप आहे. दारिद्र्य आणि अपमान यांतून वर आलेला तरुण, एखाद्या जुन्या म्होरक्याने त्याला दिलेली पहिली संधी, पुढे त्या म्होरक्यालाच दूर सारून उभारलेले साम्राज्य, कुटुंबाशी आलेला दुरावा आणि शेवटी रक्तबंबाळ मरण हे त्याचे टप्पे देश, भाषा आणि दिग्दर्शक बदलले तरी फारसे बदलत नाहीत. अशा चित्रपटांविषयीचा नैतिक वादही असाच ठरीव आहे. गुन्हेगाराचा उदय मोहक करून दाखवला, असा एका पक्षाचा आक्षेप असतो. अखेरीस त्याचे पतनही दाखवले आहे, असे दुसऱ्या पक्षाचे उत्तर असते. दोन्ही पक्षांना एक गृहीतक मात्र निमूटपणे मान्य असते. पतन ही उदयाची नैतिक भरपाई आहे, असे ते गृहीतक होय. एकाला ती भरपाई अपुरी वाटते, दुसऱ्याला पुरेशी. ती मुळात भरपाई आहे काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

तो विचारायचा तर पतन आणि प्रायश्चित्त यांत भेद करणे आवश्यक ठरते. पतन माणसाच्या वाट्याला येते. प्रायश्चित्त त्याला करावे लागते. 'प्रायश्चित्त' या शब्दाची परंपरेने जी फोड केली आहे, तीत 'प्राय' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय. धर्मशास्त्राने पापमुक्तीची जी साधने सांगितली, त्यांत तप आणि दान यांच्या जोडीला ख्यापन आणि अनुतापही आहेत. केलेले कृत्य उच्चारून सांगणे आणि त्याने पोळून निघणे, या दोन्हींची तेथे अपेक्षा आहे. धर्मशास्त्राच्या वर्णाधिष्ठित चौकटीविषयी जे आक्षेप आहेत, ते आहेतच. तथापि दंड सोसणे आणि कृत्य ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या विचाराने नेमके हेरले होते. ज्याला आपण काय केले हे कळलेच नाही, तो शिक्षा भोगू शकतो. प्रायश्चित्त घेऊ शकत नाही. मादक द्रव्यांच्या व्यापाऱ्याची चित्रपटकथा या कसोटीवर घासून पाहिली, की तिचा शेवट वाटतो तितका नीतिमान राहत नाही.

२

या कथारूपाचा इतिहास पाहिला तर पहिली लक्षणीय गोष्ट ही की, व्यापाराची वस्तू बदलली तरी रूपबंध बदललेला नाही. हॉवर्ड हॉक्सच्या 'स्कारफेस' (१९३२) या चित्रपटाचा नायक टोनी कमाँटे हा दारूबंदीच्या काळातील अमेरिकेत चोरटी बीअर विकणारा गुंड आहे. १९३३च्या अखेरीस तेथील दारूबंदी उठली आणि ज्या मालासाठी पडद्यावर माणसे मेली होती, तो माल कायदेशीर झाला. ब्रायन डी पाल्माच्या १९८३च्या 'स्कारफेस'मध्ये बीअरच्या जागी कोकेन आले. नायक क्यूबातून आलेला निर्वासित टोनी मोंटाना झाला. उदयास्ताची कमान तीच राहिली. रूपबंधाला मालाशी कर्तव्य नाही, चढण्याशी आणि कोसळण्याशी आहे, असा याचा अर्थ होतो. तो माल कोणाच्या शरीरात जातो आणि तेथे काय करतो, याला या कथेत रचनात्मक स्थानच नाही.

अमेरिकन समीक्षक रॉबर्ट वॉर्शो याने १९४८ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात गुंडाला शोकात्म नायक म्हटले होते. यशाची सक्ती करणाऱ्या समाजात एकट्याने वर येणे हे कर्तव्यही असते आणि धोकाही असतो. गुंडाचे मरण ही त्याच्या यशाची शिक्षा असते, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. हे निदान मान्य केले तर प्रस्तुत प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच मिळते. शिक्षा यशाची असेल तर ती कृत्याची नाही. प्रेक्षकाच्या मनात असलेली यशाची ओढ आणि यशाची भीती या दोहोंचा निचरा नायकाच्या मरणाने होतो. ज्यांना त्याने माल विकला, त्यांचा या व्यवहाराशी संबंध येत नाही.

१९३२च्या चित्रपटाला प्रमाणकांच्या दडपणाखाली 'राष्ट्राची लाज' अशा अर्थाचे उपशीर्षक जोडावे लागले आणि न्यायालयाने नायकाला फासावर चढवल्याचा एक पर्यायी शेवटही चित्रित करावा लागला. नीतिरक्षकांची मागणी केवळ इतकीच होती की शिक्षा ठसठशीत दिसावी. अपराध ठसठशीत दिसावा, ही मागणी कोणी केली नाही.

१९८३च्या चित्रपटात ही विसंगती टोकाला गेलेली दिसते. टोनी मोंटानाचा शेवट ज्या घटनेने अटळ होतो, ती घटना त्याच्या हातून घडलेले बहुधा एकमेव सत्कृत्य आहे. ज्या मोटारीत स्त्री आणि मुले आहेत ती उडवून द्यायला तो नकार देतो, सोबतच्या मारेकऱ्याला ठार करतो आणि त्यापायी त्याचा पुरवठादार त्याच्यावर उलटतो. म्हणजे वर्षानुवर्षे कोकेन विकल्याबद्दल त्याला काहीच होत नाही. मुलांना वाचवल्याबद्दल मरण येते. तसेच, कोकेनने पोखरलेली जी माणसे चित्रपटात निकटून दिसतात, ती म्हणजे स्वतः टोनी आणि त्याची पत्नी. व्यापाऱ्याने आपलाच माल सेवन केला म्हणून तो बुडाला, असा धडा त्यातून निघतो. हा धडा व्यापारशास्त्राचा आहे, नीतिशास्त्राचा नव्हे.

३

या कथारूपाचा मराठी मुलखाशी जोडलेला सर्वांत प्रभावी अवतार 'अग्निपथ' हा आहे. मुकुल आनंद यांचा १९९०चा चित्रपट आणि करण मल्होत्रा यांची २०१२ची त्याची नवी आवृत्ती हे दोन्ही हिंदी चित्रपट आहेत. परंतु कथेचे उगमस्थान महाराष्ट्रातील मांडवा हे गाव, नायक विजय दीनानाथ चव्हाण, आणि त्याचा पिता गावातला शाळामास्तर. १९९०च्या चित्रपटावर डी पाल्माच्या 'स्कारफेस'ची छाया आहे, हे वारंवार नोंदवले गेले आहे. तथापि भारतीय रूपांतराने मूळ कथेला जी जोड दिली, ती अधिक महत्त्वाची आहे. टोनी मोंटानाला भूतकाळ जवळजवळ नाही. विजय चव्हाणला एक भूतकाळ आहे, आणि त्याचा सारा नैतिक जमाखर्च त्या भूतकाळात मांडलेला आहे.

कांचा चीनाला मादक द्रव्यांच्या धंद्यासाठी मांडवा हवे आहे. दीनानाथ मास्तर आड येतो. त्याच्यावर किटाळ रचून गावकऱ्यांना त्याच्याविरुद्ध पेटवले जाते आणि त्याचा बळी घेतला जातो. मुलगा हे पाहतो. पुढे तो मुंबईच्या गुन्हेगारी जगात शिरतो, ते या सूडासाठी. २०१२च्या आवृत्तीत तर तो रौफ लाला या मादक द्रव्यांच्या आणि मुलींच्या व्यापाऱ्याचा उजवा हात होतो. म्हणजे ज्या धंद्याने बापाचा जीव घेतला, त्याच धंद्याची शिडी करून मुलगा मांडव्यापर्यंत पोचतो. येथे एक भेदक नैतिक प्रश्न उभा राहू शकला असता. लालाचा माल मुंबईतल्या ज्या घरांत गेला असेल, त्या घरांच्या दृष्टीने विजय आणि कांचा यांच्यात फरक तो काय? चित्रपट हा प्रश्न उभा राहू देत नाही. मूळ अन्याय कांचाचा आहे, विजयने जे केले ते त्या अन्यायाने त्याच्याकडून करवून घेतले, अशी रचना असल्यामुळे त्याच्या प्रत्येक कृत्याचे ओझे आपोआप कांचाच्या खाती जमा होते.

आई हे या कथेतील सदसद्विवेकाचे रूप आहे. मुलाने धरलेला मार्ग ती मान्य करीत नाही आणि तिचा दुरावा हीच त्याची खरी जखम आहे. तिचा निषेध उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु तो मुलगा कसा झाला याविषयी आहे. मुलाच्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाशी कोण उभे आहे, हे तीही विचारीत नाही. लालाच्या धंद्याच्या बळीला एकदाच ठळक चेहरा मिळतो: लिलावात उभी केलेली मुलगी विजयची स्वतःची बहीण असते तेव्हा. तोवर ज्या मुली त्या बाजारातून गेल्या, त्यांच्यासाठी नायकाचे रक्त उसळत नाही. दुसऱ्याची हानी आपल्या घरात शिरल्यावरच दिसावी, हा केवळ नायकाचा दोष नव्हे. तो कथनदृष्टीचाच स्वभाव आहे. अखेरीस कांचा मरतो, विजय आईच्या सान्निध्यात प्राण सोडतो आणि हिशोब पुरा झाल्याची भावना प्रेक्षकाच्या मनात उरते. ज्यांची नोंद कधी झालीच नाही, त्यांचे येणे हिशोबात कसे यावे?

४

अपराध एका पात्राच्या माथ्यावरून उचलून दुसऱ्याच्या माथी ठेवण्याची ही युक्ती चित्रपटाने शोधलेली नाही. ती भारतीय नाट्यपरंपरेत फार जुनी आहे आणि तिचा एक अत्यंत कुशल प्रयोग विदर्भातील एका नाटककाराच्या नावावर आहे. आठव्या शतकातील भवभूती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत आपले कूळ पद्मपूरचे असल्याचे सांगतो. वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय, असे मत मांडले. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ मध्ये भंडाऱ्याचे विभाजन झाल्यापासून ते गोंदिया जिल्ह्यात आहे. धानाच्या शेतांनी वेढलेल्या या गावाशी जोडलेल्या नाटककाराने अपराध आणि दायित्व यांच्या दोन परस्परविरोधी मांडण्या केल्या. त्या दोन मांडण्या शेजारी ठेवल्या म्हणजे आधुनिक चित्रपटाने त्यांपैकी कोणती उचलली आणि कोणती टाकली, हे स्पष्ट होते.

पहिली मांडणी 'महावीरचरिता'ची. रामकथेत ज्या घटना नैतिकदृष्ट्या अडचणीच्या आहेत, त्या सर्व भवभूती येथे रावणाचा मंत्री माल्यवान याच्या कारस्थानाला जोडतो. परशुराम रामावर चालून येतो तो माल्यवानाच्या चिथावणीने. वनवासाची मागणी खऱ्या कैकेयीची नाही. शूर्पणखा मंथरेच्या देहात शिरून ती घडवून आणते. वालीही माल्यवानाच्या सांगण्यावरूनच रामाला आडवा येतो, त्यामुळे रामाने त्याला मारणे हा समोरासमोरच्या युद्धाचा भाग ठरतो. कैकेयी निर्दोष होते, अयोध्येचे घर निष्कलंक होते आणि रामाच्या बाणावरचा जुना ठपका पुसला जातो. ही नाट्यरचना विलक्षण चतुर आहे. कथानकाला एकच उगम मिळतो, विखुरलेल्या घटना एका सूत्रात येतात. मात्र त्या एकसूत्रतेची किंमत अशी की, सज्जनांच्या हातूनही अन्याय घडू शकतो, ही रामकथेतली दाहक शक्यताच नाहीशी होते.

कांचा चीना हा 'अग्निपथ'चा माल्यवान आहे. गावकऱ्यांनी मास्तराचा बळी जाऊ दिला, हा गावाचा अपराध कांचाच्या कपटात विरून जातो. विजयने चालवलेला धंदा कांचाच्या मूळ पापात विरून जातो. प्रतिनायक जितका अधिक काळा, तितका नायक अधिक धुतला जातो. २०१२च्या आवृत्तीत कांचाला जे जवळजवळ अमानुष रूप दिले आहे, त्याचे हे रचनात्मक कारण आहे. नायकाला गुन्हेगार ठेवूनही निरपराध राखण्याची गरज जितकी मोठी, तितका राक्षसही मोठा लागतो.

५

भवभूतीची दुसरी मांडणी 'उत्तररामचरिता'त येते आणि तेथे तो स्वतःचीच पहिली युक्ती नाकारताना दिसतो. सीतात्यागाला येथे माल्यवान नाही. लोकापवादाची वार्ता दुर्मुख आणतो, पण निर्णय रामाचा आहे; आणि तो निर्णय होतो तेव्हा सीता त्याच्याच बाहूवर विश्वासाने झोपलेली आहे. कपटी मंत्री नाही, मायावी राक्षसी नाही. भल्या माणसाने, कर्तव्याच्या नावाखाली, आपल्यावर विसंबलेल्या माणसाचे वाटोळे केले, ही गोष्ट भवभूती कुठेही झाकत नाही.

पुढे तो जे करतो, ते प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. रामाचे पतन तो घडवीत नाही. रामाला तो पाहायला लावतो. तिसऱ्या अंकात राम जनस्थानात येतो. सीता तेथे अदृश्य रूपाने उपस्थित आहे आणि वासंती रामाला त्याच्या कृत्याचा जाब विचारते. ज्याने दुःख दिले त्याचा शोक, ज्याला दुःख दिले ती व्यक्ती जवळ उभी राहून ऐकते आहे, अशी ही रचना आहे. एकट्या रामाचे रडणे हे स्वतःविषयीची करुणा ठरले असते. सीतेच्या अदृश्य उपस्थितीमुळे ते साक्षीसमोरचे रडणे होते. सातव्या अंकात तर गंगेच्या काठी वाल्मीकीचे नाटक अप्सरा सादर करतात आणि राम प्रेक्षक म्हणून बसतो. त्यागानंतर सीतेचे काय झाले, तिने गंगेत उडी कशी घेतली, मुले कशी जन्मली, हे त्याला पाहावे लागते. हे नाटक आहे, याचेही त्याला भान राहत नाही आणि लक्ष्मणाला ती आठवण करून द्यावी लागते. अंतर्नाटकाचा असा उपयोग केवळ चमत्कृतीसाठी नाही. कृत्य करणाऱ्याला त्या कृत्याचा प्रेक्षक करणे, ही येथे प्रायश्चित्ताची पूर्वअट आहे. पुनर्मीलन त्यानंतर येते. आधी आले असते तर ते केवळ सुदैव ठरले असते.

या ठिकाणी एक आक्षेप टाळता येण्याजोगा नाही. त्याच 'उत्तररामचरिता'च्या दुसऱ्या अंकात राम शंबूकाचा वध करतो. हात उचलताना तो स्वतःच्या हाताला उद्देशून बोलतो, त्यात संकोच आहे, कदाचित आत्मनिर्भर्त्सनाही आहे. पण मारला गेलेला शंबूक दिव्य रूप घेऊन परत येतो आणि मारणाऱ्याविषयी कृतज्ञता व्यक्त करतो. सीतेवरच्या अन्यायासाठी दोन संपूर्ण अंक आणि एक अंतर्नाटक. शंबूकावरच्या अन्यायासाठी काही क्षणांचा संकोच आणि बळीच्याच तोंडून आभार. हा फरक नाट्यतंत्राचा नाही. कोणाची हानी पाहण्याजोगी समजायची, हे नाटक लिहिले जाण्याआधीच समाजाने ठरवलेले असते, आणि मोठा कवीही त्या ठरावाच्या बाहेर पूर्णपणे पडू शकत नाही. मादक द्रव्यांच्या चित्रपटातला ग्राहक या अर्थाने शंबूकाच्या रांगेत उभा आहे. त्याला तर परत येऊन बोलण्याइतकीही जागा नाही.

६

राम आणि सीता यांच्यात एक समक्ष नाते आहे. व्यापारी आणि अनोळखी ग्राहक यांच्यात ते नसते, मग भवभूतीची कसोटी व्यापाराला लावता येईल काय, असे विचारता येईल. हा प्रश्न रास्त आहे. व्यापारातील हानी विखुरलेली असते आणि तिला एक चेहरा नसतो. याचे उदाहरण पदमपूरच्या आजच्या परिसरातच आहे, आणि ते गुन्हेगारीचे नाही. गोंदिया-भंडारा भागात विडीच्या उद्योगाने अनेक पिढ्यांच्या घरी चूल पेटवली. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूची पाने तोडायची, पुडे बांधून फळीवर मोजून द्यायचे. पुढे सट्टेदाराने पान-तंबाखू घरोघर द्यायची आणि बायांनी दिवसभर सुपात हात घालून विड्या वळायच्या. पान तोडणारीला वळणारी ठाऊक नाही, वळणारीला ओढणारा ठाऊक नाही. ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जे होते, त्याचे दायित्व या साखळीत नेमके कोठे ठेवायचे? सर्वांत कमी मजुरी मिळवणाऱ्या बाईवर ते ठेवणे क्रूर ठरेल. कोणावरच न ठेवणे सोयीचे ठरेल. व्यापाराचा नैतिक प्रश्न हा असा असतो. साखळी जितकी लांब, तितका प्रत्येक दुव्याला आपला हात स्वच्छ वाटतो.

कायद्याची रेषा हा प्रश्न सोडवत नाही, केवळ हलवते. १९८५चा मादक द्रव्यांविषयीचा केंद्रीय कायदा येण्यापूर्वी देशात अनेक ठिकाणी गांजा परवान्याच्या दुकानांतून विकला जात होता. गोंदियाच्या दक्षिणेला लागून असलेल्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. तोच पेला जिल्ह्याची सीमा ओलांडताच गुन्हा होतो आणि काही वर्षांनी पुन्हा व्यवहार होतो. मुंबईचा इतिहास तर उदयास्ताच्या कथेला सरळ छेद देणारा आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जात होती. चीनच्या कायद्याने ती निषिद्ध होती. कंपनी सरकारला तिच्यावर महसूल मिळत होता. त्या व्यापारातील अग्रणी जमशेटजी जीजीभाई यांना १८४२ मध्ये 'सर' ही पदवी आणि १८५७ मध्ये बॅरोनेटचा किताब मिळाला. त्यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाने आणि कलाशाळेने या शहराला जे दिले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण येथे उदय आहे आणि अस्त नाही. कँटनच्या अफूबाजाचा चेहरा मुंबईला दिसला नाही, आणि न दिसल्यामुळे कोणाला कोसळावेही लागले नाही. पतन हा अशा व्यापाराचा निसर्गनियम असल्याचे जे चित्र चित्रपट रंगवतात, त्याला इतिहासाचा आधार फार थोडा आहे.

मग पतनाची कथा इतकी हवीहवीशी का वाटते? याचे उत्तर विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या नाटकात सापडते. तेथेही एका अपमानित माणसाचा उदय आणि अस्त आहे. घाशीरामाला कोतवाली देतो नाना फडणवीस. घाशीरामाच्या जुलमाचा लाभ घेतो नाना. आणि शहर खवळल्यावर घाशीरामाला जमावाच्या स्वाधीन करतो तोही नानाच. घाशीराम दगडांखाली मरतो, पुणे शुद्ध झाल्याचा आनंद साजरा होतो, नाना तसाच राहतो. पतनाचे दृश्य कोणाच्या उपयोगाचे असते, हे तेंडुलकरांनी उघड केले. लांब साखळीतले विखुरलेले दायित्व एका चेहऱ्यावर गोळा करायचे आणि तो चेहरा दगडांनी ठेचायचा, म्हणजे साखळी निर्वेध चालू राहते. मादक द्रव्यांच्या व्यापाऱ्याचा चित्रपट हे दगड प्रेक्षकाच्या हाती देतो. 'घाशीराम' प्रेक्षकाला त्या दगडांकडे पाहायला लावतो.

७

याला दोन उत्तरे दिली जाण्याचा संभव आहे. पहिले असे की, कलाकृती हे न्यायालय नव्हे. नायकाच्या पतनाने भय आणि करुणा यांचे विरेचन होते, एवढे शोकात्मिकेला पुरे आहे. परंतु विरेचनाची संकल्पना ज्या ग्रीक शोकात्मिकेवरून घेतली गेली, तिच्यात पतनाइतकेच अभिज्ञानाला महत्त्व आहे. आपण काय केले हे ईडिपसला कळते आणि मगच तो डोळे फोडून घेतो. न कळता तो नुसता आंधळा झाला असता तर ती दुर्घटना ठरली असती. मादक द्रव्यांच्या व्यापाऱ्याला शेवटी जे कळते, ते मित्र कोण, शत्रू कोण, आई किती दुरावली, इतकेच. त्याच्या हातून विकल्या गेलेल्या मालाविषयी त्याला शेवटच्या क्षणीही काही कळत नाही. तेव्हा शोकात्मिकेच्या मापानेही ही कथा अपुरीच उरते.

दुसरे उत्तर असे की, ग्राहकाची दुर्दशा दाखवू लागले की कलाकृतीचे प्रचारपत्रक होते. या भीतीत तथ्य आहे. तथापि मराठी रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वी तिचे निराकरण केले आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ची (१९१९) कक्षा नेमकी उलट आहे: तेथे पिणारा सुधाकर केंद्रस्थानी आहे. सुधाकराचे पतन केवळ त्याला भोगावे लागत नाही, त्याला ते पाहावेही लागते. नशेत त्याच्या हातून मूल जाते, सिंधू मरणाला टेकते आणि तशा अवस्थेतही ती त्याला वाचवण्यासाठी पोलिसांसमोर खोटे बोलते. त्या खोट्या साक्षीने सुधाकर कायद्यातून सुटतो, आणि म्हणूनच स्वतःपासून सुटू शकत नाही. त्याच्या विषप्राशनाला आधी अभिज्ञान आहे. ही गडकऱ्यांची थोरवी. त्यांची मर्यादा अशी की, तळीरामासारखा पेला पुढे करणारा सहव्यसनी तेथे आहे, पण दारू विकणारा नाटकाच्या नैतिक हिशोबात कोठेच येत नाही. गडकऱ्यांनी विकणारा वगळला, चित्रपटाने पिणारा वगळला. एकाच व्यवहाराची दोन टोके दोन स्वतंत्र शोकात्मिका झाली, आणि व्यवहार स्वतः दोहोंच्या मध्ये अदृश्य राहिला.

प्रत्यक्ष जीवनात ही दोन टोके समोरासमोर आणण्याचे काम झाडीपट्टीतल्या बायांनी केले. गडचिरोली आणि चंद्रपूर येथील दारूबंदीच्या चळवळी त्यांच्या बळावर उभ्या राहिल्या. त्या बंदीचे व्यावहारिक फलित काय, तिने चोरट्या विक्रीला किती वाव दिला, हा वादाचा विषय आहे आणि चंद्रपूरचा अनुभव त्या वादाला खाद्य पुरवतो. पण त्या मागणीचे नैतिक स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. कोणा एका विक्रेत्याचे पतन व्हावे, असे त्या म्हणत नव्हत्या. आमच्या घरात काय होते ते पाहा, असे त्या म्हणत होत्या. ती वासंतीची भूमिका आहे: करणाऱ्यासमोर उभे राहून त्याच्या कृत्याचे नाव उच्चारणे.

या अर्थाने, मादक द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कथेपुढे उरलेले काम नव्या प्रकारचा मृत्यू शोधण्याचे नाही. गोळ्यांचा वर्षाव आणखी भीषण केल्याने किंवा प्रतिनायक आणखी काळा रंगवल्याने तिचे नीतिमूल्य वाढत नाही. तो 'महावीरचरिता'चाच मार्ग आहे, आणि त्या मार्गावर तिने बरीच मजल मारली आहे. 'उत्तररामचरिता'चा सातवा अंक तिला अद्याप लिहायचा आहे. ज्या घरी आपला माल पोचला, त्या घराचे नाटक विजय चव्हाणला पुढच्या रांगेत बसून पाहावे लागेल, आणि हे नाटकच आहे असे सांगून त्याला सावरणारा लक्ष्मण तेथे नसेल, अशा कथेत तो मेला काय किंवा जगला काय, हा प्रश्न दुय्यम होईल. तोवर त्याचे मरण हे प्रेक्षकाने केलेली आपली सुटका आहे. त्याला प्रायश्चित्त म्हणता येणार नाही.